शिवी, नजर आणि नकाशा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं एक छोटं गाव, १९३०चं दशक. कोर्टात खटला उभा आहे. आरोपी टॉम रॉबिन्सन हा काळा शेतमजूर. मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. सरकारी वकील त्याला विचारतो, तिची लाकडं फोडून द्यायचास, पाणी भरून द्यायचास, तेही फुकट, ते कशासाठी? टॉम सरळमार्गी. तो म्हणून जातो, मला तिची दया यायची. वकिलाला हवं ते मिळालं. 'तुला? तिची? दया?' अशा थाटात तो ते वाक्य ज्यूरीसमोर पुन्हा नाचवतो आणि आपण काय बोलून बसलो ते टॉमलाही कळतं.

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) या कादंबरीतला हा प्रसंग. पुराव्याकडे पाहिलं तर टॉम सुटायला हवा. मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, म्हणजे मारणारा डावखुरा असणार. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला. मेयेलाचा बाप मात्र डावखुरा. तरी ज्यूरी टॉमलाच दोषी ठरवते. वर्णद्वेष, दुसरं काय, असं म्हणून आपण पान उलटतो. पण त्या 'दये'पाशी जरा थांबायला हवं. मेयेला गावाच्या उकिरड्यामागे राहते. आई नाही, बाप दारुडा, धाकट्या भावंडांचं लेंढार. गावातले बरे गोरे या कुटुंबाला दारात उभं करत नाहीत. टॉमपाशी नाही असं तिच्यापाशी एकच काही आहे, गोरी कातडी. आणि दया नेहमी वरच्यानं खालच्यावर करायची असते. टॉमनं ती केली, म्हणजे क्षणभर का होईना तो वर गेला आणि ती खाली आली. खोटा आरोप त्या गावाला पचला; ही उलथापालथ पचण्यासारखी नव्हती.

टॉमला कशानं मारलं, वंशानं की वर्गानं? दोन्ही इतके एकमेकांत गुंतलेत की निवडता येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की ही गुंतागुंत लक्षात घेतली नाही तर अभिजात म्हणून मिरवणाऱ्या कादंबऱ्या अर्ध्याच कळतात. आजूबाजूचा समाजही अर्धाच कळतो.

आधी शब्द नीट करून घेऊ. इंग्रजीतल्या 'रेस'ला मराठीत धड शब्द नाही. 'वंश' म्हटलं की घराणं आठवतं, 'वर्ण' म्हटलं की कातडीचा रंगही येतो आणि चातुर्वर्ण्यही. मी इथे 'वंश' वापरतो आहे, पण जीवशास्त्रात माणसांचे असे कप्पे पडत नाहीत. माणसामाणसांतला बहुतेक जनुकीय फरक कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो. वंश ही समाजानं मारलेली रेघ आहे. मारली मात्र इतकी जोर लावून की तिचे परिणाम अगदी खरे. वर्ग म्हणजे पैसा, पण नुसता पैसा नव्हे. बोलण्याचा सूर, हाताचे घट्टे, पायातले बूट, ओळखीपाळखी हे सगळं त्यात आलं. आणि पूर्वग्रह म्हणजे माणूस भेटण्याआधीच त्याचा लागलेला निकाल. त्यात द्वेष असायलाच हवा असं नाही. पूर्वग्रह कित्येकदा प्रेमळही असतो.

वंश आणि वर्ग एकमेकांना कसे टेकू देतात, याचं मला सर्वांत पटलेलं स्पष्टीकरण डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या काळ्या अमेरिकी अभ्यासकाचं. १९३५च्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात ते म्हणतात की अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या मजुराच्या हातात पैसे थोडे पडत, पण त्याची भरपाई एका वेगळ्याच, मानसिक मजुरीनं होत असे. गोरा म्हणून मान, गोरा म्हणून सार्वजनिक जागांत मोकळा वावर, पोलिसांत आणि कोर्टात आपली माणसं. या मजुरीचा मालकाला खर्च फारसा नाही, आणि तिच्यापायी गोरा मजूर काळ्या मजुराच्या खांद्याला खांदा लावून उभा राहत नाही. मेयेलाचा बाप बॉब युएल याच मजुरीवर जगतो. त्याच्या घरात दुसरी मिळकत आहे ती सरकारी मदतीची, आणि तीही दारूत जाते.

आता पुस्तक हातात घेतल्यावर हा पूर्वग्रह शोधायचा कुठे? मला तो तीन ठिकाणी सापडतो. पात्राच्या तोंडी असतो, तेव्हा मी त्याला शिवी म्हणतो. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, तेव्हा नजर. आणि कथेच्या रचनेतच असतो, म्हणजे कोणाला नाव द्यायचं, कोणाला घर, कोणी बोलायचं आणि कोणी मरायचं हे ठरवण्यात, तेव्हा नकाशा. शिवी चटकन ऐकू येते म्हणून सगळी भांडणं तिच्यावर होतात. खरं काम बाकीची दोन करतात.

शिवीचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मार्क ट्वेन यांचं 'हकलबरी फिन'. काळ्यांना उद्देशून वापरली जाणारी ती कुप्रसिद्ध शिवी या पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येते. २०११मध्ये एका अमेरिकी प्रकाशकानं ती काढून 'गुलाम' हा शब्द घातलेली आवृत्ती काढली, त्यावर बराच गदारोळ झाला. आता एक प्रसंग पाहा. पुस्तकाचा पोरसवदा नायक हक एका बाईला थाप मारतो की बोटीवर स्फोट झाला. कुणाला लागलं का, असं ती विचारते. नाही, एक काळा मेला, असं तो सांगतो. बरं झालं, कधी कधी माणसांना लागतं, असं म्हणून ती बाई सुटकेचा श्वास सोडते. ती बाई वाईट नाही. धार्मिक आहे, प्रेमळ आहे. मेलेला काळा माणूस तिच्या 'माणसां'त धरलेलाच नाही, इतकंच. इथे पूर्वग्रह पात्राच्या तोंडी आहे आणि लेखक तिच्या मागे उभा राहून आपल्याकडे पाहतो आहे. हे वाक्य 'स्वच्छ' करून छापलं तर पुस्तकाचे दातच पाडल्यासारखं होईल.

पण त्याच पुस्तकाचा नकाशा पाहिला की मी ट्वेनची इतकी ठाम बाजू घेऊ शकत नाही. हकबरोबर तराफ्यावरून नदीतून पळून आलेला गुलाम जिम शेवटी एका झोपडीत कोंडलेला असतो. त्याला सहज सोडवता येईल, पण हकचा मित्र टॉम सॉयर याला पुस्तकांतल्यासारखी थरारक सुटका हवी असते. म्हणून प्रकरणांमागून प्रकरणं जिमला साप, उंदीर, कोळी यांच्याशी खेळायला लावलं जातं. पुढे कळतं की मालकिणीनं मृत्युपत्रात त्याला दोन महिन्यांपूर्वीच मुक्त केलं होतं आणि टॉमला ते ठाऊक होतं. नदीवर ज्याला मदत करण्याच्या पापापायी हक नरकात जायलाही तयार झाला, तो माणूस शेवटी पोरांचं खेळणं होतो. हा ट्वेनचा उपहास की ट्वेनचीही चूक, यावर समीक्षक अजून भांडतात. मला चूक वाटते. पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४मध्ये 'जेम्स' या कादंबरीत हीच गोष्ट जिमकडून सांगून घेतली. त्यांचा जिम शिकलेला आहे. गोऱ्यांसमोर तेवढी मोडकी भाषा बोलून दाखवतो, कारण तशी बोलण्यातच जीव वाचतो. २०२५चं पुलित्झर पारितोषिक या कादंबरीला मिळालं.

या पुस्तकाची आणखी एक गंमत सांगायलाच हवी. १८८५मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावच्या सार्वजनिक वाचनालयानं ते कपाटातून काढून टाकलं. कारण वर्णद्वेष? छे! पुस्तक गावंढळ आहे, भाषा अशुद्ध आहे, झोपडपट्टीत वाचायच्या लायकीचं आहे, अशी तक्रार होती. म्हणजे पहिली बंदी आली ती वर्गाच्या पूर्वग्रहातून. वंशाचा आक्षेप पुढे कित्येक वर्षांनी आला.

नजर ओळखणं अवघड, कारण आपण तिच्यातूनच पाहत असतो. चार्ल्स डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६०-६१) लोहाराच्या घरात वाढलेला पिप श्रीमंत वाड्यात एस्टेला या तिथल्या मुलीशी पत्ते खेळायला बसतो. पत्त्यातल्या गुलामाला तो 'नेव्ह' न म्हणता 'जॅक' म्हणतो. झालं! बघा हा कसा बोलतो, हात किती राठ, बूट किती जाड, असं ती म्हणते. तोवर पिपला आपले हात आणि बूट कधी दिसलेच नव्हते. त्या दुपारनंतर त्याला दुसरं काही दिसत नाही. पुढे तो लंडनला जाऊन साहेब होतो. ज्यानं त्याला वाढवलं तो मेहुणा, जो गार्जरी, भेटायला येतो, तेव्हा पैसे देऊन याला टाळता आलं असतं तर दिले असते, असं पिपला वाटून जातं. बिचारा मेहुणा कधी 'पिप' म्हणतो, कधी 'साहेब', आणि हातातली टोपी कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही. वर्गाची नजर एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत कशी उतरते हे मला समाजशास्त्राच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा या टोपीनं जास्त शिकवलं. गोष्ट सांगणारा पिप आता प्रौढ झाला आहे, स्वतःची लाज त्याला दिसते आहे. म्हणून ही नजर उघडी पडते.

शार्लट ब्रॉन्टे यांच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) ती तशी उघडी पडत नाही. जेन ही गरीब, अनाथ शिक्षिका. मी गरीब आहे, दिसायला साधी आहे, म्हणून मला आत्मा नाही असं समजता का, असं ती घरमालक रॉचेस्टरला तोंडावर विचारते. वर्गाच्या उद्दामपणाला इतकं खणखणीत उत्तर देणारी नायिका त्या काळात विरळाच. आणि हीच जेन जेव्हा माळ्यावर कोंडलेल्या बर्थाला, रॉचेस्टरच्या जमैकात वाढलेल्या पहिल्या बायकोला पाहते, तेव्हा तिला दिसतं चार पायांवर धावणारं, गुरगुरणारं जनावर. बर्था तीस हजार पौंडांचा हुंडा घेऊन आली होती. तिची बाजू सांगतो तो तिचा नवराच. शेवटी घराला आग लावून ती छपरावरून उडी घेते आणि जेनच्या लग्नाचा रस्ता मोकळा होतो. नकाशाला तेवढ्यासाठीच ती हवी होती. जी नजर स्वतःवरचा अन्याय इतका लख्ख पाहते, तिला शेजारच्या खोलीतला दिसू नये! कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांनी १९६६मध्ये 'वाइड सारगासो सी' ही बर्थाच्या बाजूची कादंबरी लिहून त्या माळ्याचं दार उघडलं.

आणि 'मॉकिंगबर्ड'? तिच्यातली शिवी लेखिकेनं पात्रांच्या पदरात टाकली आहे, नजरही एका लहान मुलीची, बऱ्यापैकी निर्मळ. तरी नकाशा पाहिला की टॉमला कोर्टाबाहेर स्वतःचं असं आयुष्य जवळजवळ नाहीच. तो चांगला असतो, सोसतो आणि तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या खाऊन मरतो. शहाणपण मिळतं ते टॉमची बाजू लढवणाऱ्या गोऱ्या वकिलाच्या मुलांना. यामुळे पुस्तक लहान होत नाही. मी अजूनही ते लोकांना भेट देतो. पण दर वेळी हेही सांगतो.

वंश आणि वर्ग एका दमात एकमेकांची जागा कशी घेतात, ते एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या 'द ग्रेट गॅट्सबी'त (१९२५) फार नेमकं टिपलं आहे. पिढीजात श्रीमंत टॉम ब्युकॅनन सुरुवातीलाच जेवणाच्या टेबलावर एका पुस्तकाचा हवाला देत गोरा वंश बुडणार म्हणून कुरकुरतो. त्या पुस्तकाचं नाव काल्पनिक, पण तशी पुस्तकं तेव्हा खरोखर खपत होती आणि १९२४मध्ये अमेरिकेनं दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक कोटा लावला, आशियातून येणाऱ्यांना तर जवळपास दारच बंद केलं. पुढे टॉमला कळतं की नवश्रीमंत गॅट्सबी आपल्या बायकोच्या प्रेमात आहे. हॉटेलातल्या भांडणात तो चिडून म्हणतो, कुठला कोण उपटसुंभ माझ्या बायकोशी प्रेम करणार, उद्या काळ्या-गोऱ्यांची लग्नं लावाल! गॅट्सबी गोराच आहे. तरी वर्गाची कुंपणं मोडू लागताच टॉमच्या तोंडात वंशाचीच भाषा येते. त्याच्या डोक्यात दोन वेगळी कुंपणं नाहीतच.

आजच्या काळात शिवी महाग पडते, नोकरी जाते. त्यामुळे अनेकांना वाटतं की प्रश्न बराचसा सुटला. नजर मात्र मोजूनच पाहावी लागते. मरियान बर्ट्रान्ड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो आणि बॉस्टनमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले आणि २००४मध्ये निष्कर्ष छापले. शिक्षण-अनुभव सारख्याच तोलाचा, नावं तेवढी वेगळी: काहींवर एमिली, ग्रेग अशी गोरी वाटणारी, काहींवर लकिशा, जमाल अशी काळी वाटणारी. गोऱ्या नावांना साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, काळ्या नावांना पंधरांमागे एक. यावरचा एक आक्षेप माझ्या फार कामाचा आहे. लकिशासारख्या नावावरून नुसता वंश नाही, गरीब घरही डोळ्यासमोर येतं, मग भेद नक्की कशाचा झाला? प्रश्न रास्त. पण अर्ज चाळणारा माणूस तरी तो हिशेब वेगवेगळा कुठे मांडतो?

बोलण्याचंही तसंच. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मध्ये, म्हणजे आपल्या 'ती फुलराणी'च्या मुळात, उच्चार बदलले की फुलं विकणारी पोर उमराव घराण्यातली ठरते. ते नाटक १९१३चं. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी जॉन बॉ या भाषाशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या घरमालकांना भाड्याच्या जागेसाठी फोन केले. माणूस एकच, बोलण्याच्या तऱ्हा तीन: प्रमाण इंग्रजी, काळ्यांची, मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांची. गोऱ्यांच्या वस्त्यांत प्रमाण बोलीला जागा पाहायची वेळ मिळे, बाकी दोन्हींना ती कितीतरी कमी वेळा मिळाली. चेहरा कुणी पाहिलाच नव्हता.

आणि नकाशा? तो तर शब्दशः नकाशा होता. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेनं दोनशेहून अधिक शहरांचे रंगीत नकाशे बनवले. हिरवा म्हणजे कर्जाला उत्तम वस्ती, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. लाल पट्ट्यांत गरीब गोरे आणि नव्यानं आलेले स्थलांतरितही होते. म्हणजे वर्ग होताच. पण काळ्यांची वस्ती असली की रंग जवळजवळ नेहमी लाल. १९३४पासून गृहकर्जांना सरकारी विमा मिळू लागला, तोही अशा वस्त्यांना सहसा नाकारला जाई. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची पुंजी मुख्यतः राहत्या घरात असते. ज्या आजोबांना कर्ज मिळालं नाही त्यांच्या नातवाला वारसा मिळाला नाही, आणि शाळांचा खर्च बराचसा स्थानिक घरपट्टीतून निघत असल्यानं शाळाही तशीच मिळाली. १९६८च्या कायद्यानं घरांच्या व्यवहारात वंशभेद करणं बेकायदा ठरवलं, पण तोवर वंशाचं वर्गात रूपांतर होऊन गेलं होतं. आता कुणाला शिवी द्यावी लागत नाही, वाकडं पाहावंही लागत नाही. नुसता पिन कोड पुरतो.

'त्या काळी तसंच होतं, आजच्या फुटपट्टीनं जुनी पुस्तकं मोजू नका' हा युक्तिवाद या विषयात हमखास येतो. त्यात तथ्य आहे. पण 'त्या काळी' म्हणताना आपण त्या काळातल्या कोणाला मोजतो? याचं एक उदाहरण डिकन्सच्याच आयुष्यात आहे.

'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये (१८३७-३९) चोरट्या पोरांचा म्होरक्या फेगिन हा ज्यू आहे आणि निवेदक त्याला नावापेक्षा 'तो ज्यू' म्हणूनच जास्त हाक मारतो. जाता जाता याच पुस्तकातला वर्गही पाहून घ्या: ऑलिव्हर जन्मापासून निराधारांच्या आश्रमात वाढतो, पण बोलतो अगदी शुद्ध, घरंदाज इंग्रजी. का? तर शेवटी तो चांगल्या घरचा निघणार असतो. रक्त बोलतं म्हणे! त्याच्या बरोबरीचा डॉजर लंडनच्या गल्लीतली बोली बोलतो आणि त्याच्या नशिबी काळं पाणी येतं.

१८६०मध्ये डिकन्सनी आपलं लंडनमधलं घर जेम्स डेव्हिस या ज्यू गृहस्थांना विकलं. हा सावकार पैसे देईपर्यंत माझा विश्वास बसणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी एका पत्रात लिहिलंही होतं. व्यवहार चोख झाला. १८६३मध्ये याच डेव्हिस यांच्या पत्नी एलायझा यांनी डिकन्सना पत्र लिहून कळवलं, की फेगिन रंगवून तुम्ही आमच्या सबंध समाजावर अन्याय केला आहे. डिकन्सनी आधी हात झटकले. गोष्टीतल्या काळात तसले गुन्हेगार ज्यूच असत, आणि पुस्तकातले बाकीचे दुष्ट तर ख्रिश्चनच आहेत ना, असं उत्तर दिलं. म्हणजे 'त्या काळी तसंच होतं' हे खुद्द त्या काळातच म्हणून झालं होतं. पण पत्र त्यांच्या मनात राहिलं असावं. पुढच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये त्यांनी रायाह हा सज्जन ज्यू आणला, ज्याला पुढे करून एक ख्रिश्चन माणूस सावकारी करतो.

मग १८६७मध्ये 'ऑलिव्हर ट्विस्ट'ची नवी आवृत्ती छापायला घेतली, तेव्हा डिकन्सनी 'तो ज्यू' हे शब्द खोडून 'फेगिन' किंवा 'तो' करायला सुरुवात केली. मात्र पुस्तकाचा मोठा भाग तोवर छपाईसाठी जुळवून झाला होता. त्यामुळे पहिल्या अडतीस प्रकरणांत 'तो ज्यू' पानोपानी भेटतो आणि पुढे तो जवळजवळ नाहीसाच होतो. फेगिन फासावर जातो ते मात्र जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांत तसंच राहिलं. त्या आवृत्तीवरून छापलेलं पुस्तक आजही हातात घेतलं तर एकोणचाळिसाव्या प्रकरणापाशी हा सांधा बोटानं दाखवता येतो.